आबांचा तळहात

फॉर्मॅलिनचा वास आला की मी आजही धुळ्यातल्या मेडिकल कॉलेजच्या त्या तोंडी परीक्षेला जाऊन उभा राहतो. आधी एकदा नापास झालेलो आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळंच गुलाबी! "ही त्वचा शरीराच्या कुठल्या भागाची?" सरांनी विचारलं. वरचा मेलेल्या पेशींचा थर भलताच जाड होता. पिंपळनेरहून आलेले माझे शेतकरी वडील, आबा, बाहेर जिन्यावर बसले होते. सकाळी त्यांनी माझ्या गालावरून फिरवलेला खरखरीत हात आठवला आणि मी नाटकातल्यासारखा गरजलो, "तळहात, सर!" पास! धावत बाहेर आलो. "आबा, परीक्षेत तुमचाच हात आला होता!" आबा ओशाळले. "पहिले सांगानं व्हतं ना! हात धुयेल बी नही मन्हा." आता डॉक्टर म्हणून मी दिवसातून वीसदा हात धुतो, पण माझ्या तळहातावर आबांसारखा थर काही चढला नाही.