बांगड्या भरताना उमटलेली बोटं

वडगाव निंबाळकरच्या धोंडाबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नाही. डेअरीत दूध घालताना मापावरची नजर हलायची नाही, आणि भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तर त्या ती हुंगून बघायच्या. शेजारीण म्हणून मीही त्यांना पुष्कळ हसले आहे.

दिराच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा गोजरबाई कासारीण ओट्यावर येऊन बसली आणि घरातल्या बायकांनी हिरव्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सून वृषाली भाकरी थापताना धोंडाबाईंना तिच्या पंजावर काळीनिळी बोटं उमटलेली दिसली.

"कुणी धरला गं हात?"

"कुणी न्हाय, आत्या. बांगड्या भरताना गोजरमावशीनं दाबला."

धोंडाबाईंनी जन्मभर कासारणीकडून हात दाबून घेतला होता. लाल होतो आणि लगेच निवतो. निळा कधी पडत नाही. म्हणजे पोरगी नवऱ्याला पाठीशी घालतेय, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. अजित बोलायला गोड होता खरा, पण त्याचा बाप रामहरीही चारचौघांत गोडच बोलायचा.

त्या दिवसापासून त्यांनी मुलावर पाळत ठेवली. त्याचा आवाज जरा चढला की हातातलं काम टाकून दारात उभ्या. त्यातच वृषालीच्या दंडावर नवा डाग दिसला. पोटऱ्यांवर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके आले, तर ती म्हणाली, उसाचं पान लागलं. चूळ भरताना रक्त पडलं, तर म्हणाली, ब्रश लागला. प्रत्येक वेळी कारण तयार! धोंडाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी अजितला जेवणावरच विचारलं, "बायकूवर हात टाकतूस व्हय रं?"

अजित पांढराफटक पडला. ताट सारून उठला आणि आईशी बोलायचाच बंद झाला. धोंडाबाईंना त्यातही चोराच्या मनातलं चांदणं दिसलं.

शेवटी सुनेचं खोटं उघडं पाडायला त्यांनी गोजरबाईला पुन्हा बोलावलं. अजित कारखान्यावर ऊस घेऊन गेला होता. "आदी माझा हात दाब. मग हिचा. दोनी सारखंच."

धोंडाबाईंच्या हातावर लाली आली आणि गेली. वृषालीचा हात गोजरबाईनं जपूनच दाबला. सगळ्या चहाला बसल्या, आणि कप रिकामे होईपर्यंत त्या हातावर निळसर बोटं उठू लागली. गोजरबाई घाबरून म्हणाली, "आवो, म्या जोर लावलाच न्हाय!"

धोंडाबाईंनी लगेच अजितला फोन लावायला सांगितला आणि सुनेला घेऊन बारामती गाठली.

डॉक्टरांनी काचेची पट्टी पोटरीवर दाबली. साधी लाली असती तर दाबल्यावर फिकी पडली असती. हे ठिपके तसेच राहिले. ते कातडीखाली झिरपलेलं रक्त होतं. तपासणीत रक्त गोठवणाऱ्या पेशी फारच कमी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर अवघड होतं.

सुई लावायला बांगड्या उतरवायला हव्या होत्या. फोडायच्या नाहीत, काच लागली तर रक्त थांबायचं नाही. धोंडाबाई साबणाचं पाणी घेऊन बसल्या आणि हात न दाबता एकेक बांगडी सरकवू लागल्या. अजित पलंगाशी उभा होता. रामहरी दारात चहाचा थर्मास धरून.

इतक्या दिवसांनी अजित बोलला. "आई, तुला खरंच वाटलं, मी मारत आसंन?"

"व्हय, वाटलं," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. "माझ्या अंगावर वळ उठायचं तवा तुझी आज्जी म्हणायची, बांगड्या भरताना दाबलं आसंल. तिनं कदी नीट बघितलंच न्हाय."

रामहरीनं थर्मास खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन बसला.