पेटीतली अकरावी चिठ्ठी

माझ्या तेरा आठवड्यांच्या रजेतले चार आठवडे संपले होते. मी अंधेरीतल्या एका मराठी चर्चचा पाळक. एकोणीस वर्षं काम केल्यावर एका रविवारी उपदेश करता करताच मला चक्कर आली, आणि कमिटीने ठरवून टाकलं की पाळकसाहेबांनी आता पूर्ण विश्रांती घ्यायची, उपासनेला इथे बसायचंदेखील नाही. आम्ही राहतो त्याच आवारात. त्यामुळे रविवारी घरात बसून खिडकीतून गाणी ऐकायची, एवढंच उरलं होतं.

पाचव्या रविवारी बायको म्हणाली, मुलुंडच्या चर्चला जाऊ, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. मला वाटलं, हे ती माझ्यासाठी सुचवतेय.

रिक्षाने पंचावन्न मिनिटं लागली. दाराशी ती जरा मागे राहिली. चपलेचा पट्टा लावत असेल असं समजून मी पुढे गेलो. मग मी, ती आणि बारावीतली मुलगी एका बाकावर बसलो. मुलीच्या जन्मापासून आजवर मी उपासनेत तिच्या शेजारी कधीच बसलो नव्हतो. बाक बावीस होते, माणसं एकशे चाळीसच्या आसपास. उपदेश सव्वीस मिनिटं चालला, माझ्यापेक्षा तीन मिनिटं जास्त. हे मी मुलीच्या कानात सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘पप्पा, रजेवर आहात ना?’’

उपदेशानंतर पाळकांनी प्रार्थनेची पेटी उघडली. आमच्याकडेही दाराशी अशी पेटी आहे. ज्याला जे मागायचं ते त्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहून टाकायचं, पाळक ते वाचतात आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. तिथले पाळक तरुण होते आणि भराभर वाचत होते. कुणाला नोकरी हवी होती, कुणाच्या सासूचा गुडघा दुखत होता. सवयीने मी मोजत होतो. अकरावी चिठ्ठी अशी होती:

‘‘छातीत गाठ लागते आहे. मंगळवारी तपासणी आहे. पतीला सांगितलेलं नाही. त्यांच्या विश्रांतीचे नऊ आठवडे उरलेत, ते नीट पार पडावेत.’’

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, इथे त्यांनी थांबायला हवं होतं, ही चिठ्ठी अशी घाईने वाचायची नसते. मग मी समोरच्या बाकांवरच्या बायकांकडे पाहिलं, यांतली कोण असेल म्हणून. आणि सगळ्यांबरोबर, बहुधा सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आमेन म्हणालो.

त्यानंतर नऊ हा आकडा डोक्यात शिरला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज सकाळी एक दिवस खोडत होतो. तेरातून चार गेले.

मी वळून पाहिलं. बायकोचे डोळे मिटलेले होते. तिचा हात मुलीने दोन्ही हातांत धरला होता, इतका घट्ट की मुलीची बोटं पांढरी पडली होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. पुढच्या चिठ्ठ्या मला ऐकू आल्या नाहीत. गाण्यासाठी सगळे उभे राहिले, मी बसूनच राहिलो. मांडीवरचं गीतांचं पुस्तक खाली पडलं ते मुलीने उचललं.

बाहेर आवारात चहा होता. मुलगी मुद्दामच लांब जाऊन उभी राहिली.

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘तीन आठवडे.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘डॉक्टर तुमच्याबद्दल काय म्हणाले ते मी ऐकलंय ना.’’

‘‘मग आपल्या चर्चमध्ये तरी...’’

‘‘कुणाला? पेटीची किल्ली रजेतही तुमच्याकडेच. आणि तुम्ही अक्षर ओळखता. रविवारी जेवताना तुम्हीच सांगता, आजची तिसरी चिठ्ठी कुणाची होती ते. एकोणीस वर्षं ऐकतेय मी.’’

ती चिडून बोलत नव्हती. आमच्या घरातून पेटीत कधी एकही चिठ्ठी पडली नाही, याचा मला अभिमान होता. घरात सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ मी लावला होता. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

‘‘मंगळवारी किती वाजता?’’

‘‘सव्वादहाला.’’

‘‘मी येतो.’’

‘‘या. पण हॉस्पिटलभर प्रार्थना करत फिरू नका. माझ्याजवळ बसा.’’

मी बसलो. गाठ साधी नव्हती. त्या नऊ आठवड्यांत विश्रांती फारशी झाली नाही, पण ते संपल्यावर मी आणखी मागून घेतले. तिचे उपचार अजून चालू आहेत.

कामावर परतल्यावर पेटीची किल्ली मी मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे दिली. त्या सगळ्या चिठ्ठ्या आपल्या अक्षरात उतरवून काढतात आणि तो कागद मला देतात. गेल्या रविवारी तेरा विनंत्या होत्या. मी सावकाश वाचल्या, प्रत्येकीनंतर थांबलो. त्यांत आमच्या घरची एखादी होती का, ते मला कळलं नाही.