फॅट न लागणारी गोळी

कसबा बावड्याच्या बायडाबाईंचा मोजल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास नाही. दूध संस्थेत म्हशीच्या दुधाला फॅट किती लागली, तो आकडा त्या मोठ्यांदा म्हणणार, आणि कमी लागली तर घरी येऊन म्हशीलाच जाब विचारणार, "का गं, काल वैरण ग्वाड लागली न्हाय व्हय?"

बायडाबाईंच्या हृदयाचे ठोके चुकतात, त्याने रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू. तिच्यासाठी दर महिन्याला कोल्हापुरात राजारामपुरीच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं. आयएनआर म्हणून आकडा यायचा. दोन-तीनच्या मधे आला की गोळी बरोबर. शेजारच्या चिमणाबाईंच्या हृदयात धातूची झडप, त्यांनाही तीच गोळी. दोघी एकाच रिक्षाने जायच्या आणि आपापले आकडे फॅटसारखे चारचौघींत सांगायच्या.

मग डॉक्टरांनी बायडाबाईंची गोळी बदलली. नव्या गोळीला हा आकडा बघायला नको, म्हणाले. बायडाबाई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या महिन्यात चिमणाबाईंबरोबर गुपचूप रक्त देऊन बसल्या.

चिमणाबाईंचा आकडा आला दोन पॉइंट सात. बायडाबाईंचा एक पॉइंट एक.

"अगंऽऽ बायडे!" चिमणाबाईंचा आवाज बाकावरून पार रस्त्यापर्यंत. "तुझ्या गोळीला फॅटच लागंना की! निस्तं पाणी घालून दिलंय तुला!"

बायडाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या जावेच्या मेंदूत रक्ताची गुठळी गेली होती. तोंड वाकडं झालं ते झालंच. त्यांनी कमरेची चंची सोडली. आत जुन्या गोळ्यांची उरलेली पट्टी.

"आज दोन्हीबी घेतो. एक न्हाय तर दुसरी लागू पडंल."

लॅबच्या डॉक्टर पूर्णिमा मॅडम आतून तशाच बाहेर आल्या. "मावशी, दोन्ही म्हणजे कुठल्या?"

"तुमाला काय करायचंय? रक्त घेतलासा, झालं की."

"दोन्ही घेतलासा तर रक्त वाहायला लागंल. पोटात, डोक्यात, कुठंबी. बसा हितं."

"मग ह्यो आकडा खोटा हाय व्हय?"

"खरा हाय. पण ही तपासणी जुन्या गोळीसाठीची. दुधाची किटली काट्यावर ठेवली तर फॅट कळती का?"

"काट्यावर फॅट कशी कळंल? खुळी का काय तू?"

"तसंच हे. तुमची गोळी रक्तात काम करती, पण ह्या तपासणीत दिसत न्हाई. तिचं माप येगळं, आणि ते रोजच्याला लागत न्हाई. उद्या कुठं ऑपरेशन निघालं तर रिपोर्टात आकडा गोळी न घेणाऱ्या माणसासारखा हाय म्हणून गप्प बसू नका. गोळीचं नाव आणि कधी घेतली, ते सांगायचं."

मॅडमनी तिथूनच बायडाबाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही हेच बोलले, वर जरा रागावले. बायडाबाईंनी पट्टी मुकाट्याने मॅडमच्या हातात ठेवली.

मग आभार. बायडाबाईंचे आभार म्हणजे अंगावर ओरडणं! "जेवतीस का न्हाईस गं? मनगाट बघ, शाळू जोंधळ्याचं वाळकं ताट! आणि म्हातारी बोलाय लागली तर कान देऊन ऐकलीस! माझी पोटची पोरं ऐकत न्हाईत!" ओरडता ओरडता पदर डोळ्यांना लागला.

"मीच म्हटलो न्हवं, पाणी घातलंय म्हणून," चिमणाबाई पुटपुटल्या.

"तू बोंबललीस म्हणून तर मी बोललो. न्हायतर घरात जाऊन गिळलो असतो की!"

पुढच्या महिन्यात बायडाबाई पुन्हा रिक्षात बसल्या. लॅबमधल्या पोराने सुई काढली, तशा त्याच्यावर खेकसल्या, "मला कशाला टोचतोस? मी मॅडमला बघाय आलोय."