आधी एक चांगलं सांगा

शाळेतला पोर्शन दरवर्षी संपतो, किस्से काही संपत नाहीत. आम्ही जुन्या शिक्षिका कुणाच्या लग्नात भेटलो की एकीने एक काढायचा अवकाश, दुसरीचा तयारच असतो. मग नवरी-नवरा कोण होते तेही घरी जाऊन आठवावं लागतं. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच वर्षातले आहेत. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. भिवंडीत टेमघरला आमची मराठी माध्यमाची शाळा होती आणि भिंतीला भिंत लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना.

आमचे हेडमास्तर भोईर सर ठाण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि बदलून आले. आल्या आल्या मीटिंग घेतली. म्हणाले, "यापुढे कोणालाही चूक दाखवायची असेल, तर आधी त्याचं एक चांगलं सांगायचं, मग एक सुधारणा. मुलांना, शिक्षकांना, शिपायालासुद्धा. आणि चांगलं म्हणून जे सांगाल ते खरं असलं पाहिजे."

शेवटच्या अटीने आमची सगळ्यांची पंचाईत केली.

*

पहिला प्रयोग मारुती शिपायावर झाला. घंटा वेळेवर देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

भोईर सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "मारुतीराव, तुमच्यासारखी घंटा कोणी वाजवत नाही. काय तो ठोका! फक्त जरा वेळेवर वाजवा."

मारुती बाहेर आला तो छाती फुगवून. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा नेहमीसारखीच उशिरा झाली, पण इतकी लांबली, इतकी लांबली, की शेजारच्या कारखान्याचा वॉचमन "आग लगी क्या?" म्हणत धावत आला.

सरांनी पुन्हा विचारलं, "काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"ठोका चांगला हाय म्हनाले होते."

पुढचं त्याने ऐकलंच नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. इतक्या वर्षांत साहेबाच्या तोंडून पहिल्यांदा चांगला शब्द निघाला होता, तो माणूस तिथेच थांबला.

*

मग माझा नंबर लागला. भोईर सर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, "गायकवाड बाई, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ येतो."

मी खूश.

"आणि पुढच्या दोन वर्गांतही जातो."

आता यात माझा काय दोष? लूमच्या खडखडाटात शिकवायचं तर ओरडावंच लागतं. आम्ही सगळेच ओरडायचो, फक्त ते कळायचं लाइट गेल्यावर. लूम एकदम बंद पडायचे आणि एका वर्गात अकबर, दुसऱ्यात बेडकाचं हृदय आणि तिसऱ्यात माझी कविता, सगळं एकदमच सगळ्यांना ऐकू यायचं. घरी तर आमचे हे अजून म्हणतात, "अगं, मी शेजारीच बसलोय."

*

मुलं आमच्यापेक्षा हुशार. आठवड्याभरात त्यांनी नियम उलटा आमच्यावरच लावला.

राहनाळहून येणारा एक पोरगा हात बांधून उभा राहिला. "बाई, तुम्ही काल धडा लई मस्त शिकवला."

"बरं. सुधारणा काय?"

"गृहपाठ जरा कमी द्यायचा. जेवढा दिला तो झाला न्हाय."

मी हसले आणि तिथेच फसले. त्या दिवसापासून वर्गात माझं कौतुक सुरू झालं की मी आधी विचारायचे, गृहपाठ कोणाकोणाचा राहिलाय?

*

खरी अडचण होती तरे सरांची. गणिताचे सर. हात कधी उगारला नाही, पण पोरं त्यांना चळाचळा कापायची. तोंडातून चांगला शब्द म्हणून निघायचा नाही.

"बरोबर आलं तर त्यात सांगायचं काय?" ते आम्हालाच विचारायचे. "गणित बरोबर येण्यासाठीच असतं."

फळ्याजवळ ते बोलवायचे ते ज्याला येत नाही त्यालाच. ज्याला येतं त्याचा वेळ कशाला घ्या, असा हिशेब. भोईर सरांनी फारच मागे लागून नियम पाळायला लावला, तर एका मुलाला म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुझं. त्यामुळे चुका लांबून दिसतात."

भोईर सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, आधी घरी सराव करा. वहिनींना काहीतरी चांगलं म्हणा."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या टपूनच बसलो होतो. काय झालं?

"भाजी छान झालीय म्हटलं," तरे सर म्हणाले. "तर तिने घाईघाईने ताट ओढून घेतलं आणि चाखून बघितली."

*

तरे सरांच्या नववीत कल्पना नावाची मुलगी होती. आठवीत गणितात राहिली होती, कशीबशी वर चढवलेली. वडील अंबाडी गावाकडचे, इथे कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बिघडले की दुरुस्त करणारे. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, गणित जमलं तर दहावी, नाहीतर शाळा बंद आणि घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. मोठी बहीण दिवसभर तेच करायची. कल्पनाला नर्स व्हायचं होतं. माझ्याजवळ एकदा हळूच बोलली होती, म्हणून मला माहीत.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी तिचे वडील शाळेत आले. भोईर सर बाहेर गेले होते म्हणून मारुतीने त्यांना स्टाफरूममध्ये आणलं. मी आणि तरे सर, दोघंच होतो. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, कल्पनाचा दाखला पायजे."

"अहो, वर्ष संपत आलं. आता कशाला?"

"पोरगी रडत व्हती. पयले सर रोज फळ्यापाशी बोलवायचे, दिवाळीपासून बगत बी न्हायत म्हनली. मास्तरांनीच नाद सोडला, तर आपन कशाला ओढत बसायचं? बहिनीसंगं कांड्या भरंल."

रागाने बोलत नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं.

तरे सर पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली. "नाद सोडला? अहो, तिला यायला लागलं म्हणून बोलवत नाही मी. वर्गात चांगल्या चार पोरींत आहे ती."

कल्पनाचे वडील त्यांच्याकडे वळले. मग शांतपणे म्हणाले, "आन् हे तिला कुनी सांगायचं?"

मला तरे सरांचा संताप आला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते सरळ नववीच्या वर्गाकडे निघाले. मागून आम्ही दोघं.

"कल्पना, फळ्याजवळ ये."

पोरगी उठून फळ्याजवळ आली. शेजारच्या मुलींनी माना खाली घातल्या. सरांनी स्वतःच्या मनाने एक गणित लिहिलं, चांगलं अवघड. ती सोडवायला लागली. खडू दोनदा मोडला. उत्तर लिहून झालं तरी ती वळली नाही, फळ्याकडे तोंड करूनच उभी.

तरे सरांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांचा आवाज एरवी मैदानात ऐकू यायचा, तो त्या वेळी पहिल्या बाकापर्यंत धड गेला नाही. मी आत शिरले होते म्हणून ऐकला.

"बरोबर आहे. माझ्यापेक्षा सोपं करून सोडवलंस तू."

कल्पनाने ओंजळीत तोंड लपवलं आणि ती हुंदके द्यायला लागली.

वडील दारातच उभे होते, चौकट घट्ट धरून. त्यांनी मला हळूच जवळ बोलावलं.

"बाई," ते म्हणाले, "चुकलं का वो तिचं?"