येऊन राहिला

कामठीच्या त्या गल्लीत पंचफुलाबाईचं घर पॉवरलूमच्या शेडला अगदी खेटून आहे. दिवसभर माग असे खडखडतात, की शेजारणीशी साधं भांडायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. पण भर दुपारी वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत बाईला तिच्या पोराचा आवाज यायचा.

"मा, येऊन राहिलो."

सुशील गेल्या पावसाळ्यात कन्हान नदीत बुडाला. प्रेत सापडलं नाही, म्हणून दफनभूमीत कबरही नाही. चर्चच्या मंडळीनं प्रार्थना करून त्याला देवाच्या हवाली केलं. आईनं मात्र केलं नाही.

आवाज आधी दाराशी यायचा. मग तो गल्लीच्या तोंडाशी गेला, मग चौकापलीकडे, रोज थोडा लांब, नदीच्या रस्त्यानं. येतो म्हणणारा दूर का जातोय, हे तिच्या ध्यानातच येईना. ती आपली अनवाणी त्याच्या मागे जायची. लेक पायल तिला अर्ध्या वाटेवरून ओढून आणायची. एके दिवशी आई परतली ती गुडघ्यापर्यंत भिजून. पायल हबकली आणि चर्चच्या पाळकांना घरी घेऊन आली.

पाळक नवे होते, पुण्याकडचे. इकडची बोली त्यांच्या कानांना अजून सरावाची नव्हती. बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, सुशील येऊन राहिला."

आता इकडे याचा अर्थ, येतोय, वाटेत आहे. पुणेरी कानांनी ऐकलं ते वेगळंच: आला आणि राहिला. पाळकांचा चेहरा पांढरा पडला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "कुठे राहिलाय?"

बाईनंही खाटेकडे बघितलं. कुठंच नाही. इतके महिने नुसता येतोय, एकदाही आला नाही. उलट तिलाच नेत होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलं लेकरू आपल्याला पाण्यात कसं बोलावेल? ती पहिल्यांदा पोटभर रडली.

पायलनं पाळकांना बोलीतला घोळ समजावला. ते ओशाळले, पण मग म्हणाले, "येऊन राहिला तो ख्रिस्त, बाई. माणसांत आला आणि माणसांतच राहिला. सुशील त्याच्यापाशी आहे, नदीपाशी नाही."

दुसऱ्या दुपारी वीज गेली. आज आवाज पुन्हा उंबऱ्याशी होता. पायलनं आईचं मनगट घट्ट धरलं.

"सुशील येशूपाशी हाय," पंचफुलाबाई दाराकडे बघून म्हणाली. "तू कोण होय?"

बाहेर सुशीलच्याच आवाजात कोणीतरी हुंदके देऊन रडायला लागलं. त्या रडण्यानं बाईचं काळीज फाटलं. बसल्या खाटेच्या दावणीची दोरी मुठीत आवळून तिनं डोळे मिटले.

"प्रभू, तू येऊन राहिला ना?"

हे तिनं इकडच्या अर्थानं विचारलं की पुण्याच्या, ते पायललाही कळलं नाही. पण आई जागची उठली नाही.