भांडायला मास्तर होते

मास्तर गेल्याचं मला बाजारातच कळलं. नगरहून सर्व्हिस मोटार आली आणि क्लीनरनं उतरता उतरता सांगितलं, "मास्तर दवाखान्यातच गेले." मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी कासऱ्याच्या भावावरून हुज्जत घालत होतो. कासरा त्याला त्याच्याच भावात देऊन टाकला... असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं.

अंबाडीचे दोर डोक्यावर घेऊन गावोगाव फिरत मी धंदा उभा केला. नदीकाठच्या जनावरांच्या बाजारात वडाखाली जागा मिळवायला बारा वर्षं गेली. ती जागा मास्तरांच्या निधीनं घालवली. निधी म्हणजे मुंबईच्या एका दानशूर शेठजींनी गावसुधारणेसाठी काढलेली धर्मादाय संस्था. मास्तर त्याचे बिनपगारी चिटणीस. लढाईच्या दिवसांत निधीनं ठरवलं, बाजारानं नदी घाण होते, तो माळावर न्यावा. पंचायतीनं नुसती मान डोलावली. आम्हाला कुणी विचारलंही नाही. मी तावातावानं मास्तरांच्या घरी गेलो.

"तुमाला निवडून कुनी दिलं?"

"कुणीच नाही, गेनबा."

"मग आमचा बाजार हलवनारे तुमी कोन?"

मास्तरांनी मला बसायला घोंगडी टाकली. "तुमचं खरं आहे," म्हणाले. "पण नदीचं पाणी आता पिण्याजोगं होईल, एवढं तरी मानाल?"

"म्या पानी इकत न्हाई, दोर इकतो!"

माळावर जनावरांसाठी हौद भरून ठेवायचं निधीनं कबूल केलं होतं. विहीर झाली, हौद झाला. पाणी ओढायला माणूस काही नेमला नाही. निधी म्हणे, हे पंचायतीचं काम. पंचायत म्हणे, योजना निधीची. पहिल्याच बाजारी जनावरं तहानेनं हंबरायला लागली, तेव्हा मास्तर धोतर खोचून स्वतः पोहरा ओढू लागले. मग दर बाजारी तेच. दोर माझ्याकडूनच नेला. मी एक पैसा सोडला नाही. लोक विहिरीवर जाऊन त्यांना शिव्या देत, सगळ्यांत मोठा आवाज माझा. ओढता ओढता ते म्हणत, "बोला, ऐकतोय."

आता निधीनं दुखवट्याचा ठराव केलाय. हौदाला मास्तरांचं नाव देणार आहेत. पाणी कोण ओढणार, ते ठरावात नाही. निधीचा शिपाई विहिरीसाठी नवा दोर मागायला आला, त्याला म्हणालो, "आदी ज्याच्याशी भांडायचं तो मानूस धाडा, मग दोर." अजून कुणी आलेलं नाही...

जनावरांना हे सांगून कळत नाही. परवाच्या बाजारी दुकान तसंच टाकून मी विहिरीवर गेलो. मास्तरांच्या हातांनी जुना दोर गुळगुळीत झालाय. वडाखालची जागा मी विसरलेलो नाही. पोहरा वर येईस्तोवर मास्तरांना शिव्या घातल्या. मग पाणी हौदात ओतताना, 'बोला, ऐकतोय' ऐकू येईल म्हणून सवयीनं जरा थांबलो...