मशीनची ओटी

साकीनाक्याच्या कारखान्यात मी प्रेसवर बसायची. पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढायची. पायाखालचं पायडल दाबलं की वरून ठोका यायचा, झाकण तयार. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर माझ्या हातावरच होतं.

एका पावसाळ्यात माझ्या प्रेसची स्प्रिंग ढिली झाली. ठोका एकदा येऊन थांबायचा तो मधेच परत यायचा. मशीन डबल मारते, असं आम्ही म्हणायचो. शेजारच्या प्रेसवरच्या बाईचं बोट असंच गेलेलं.

आधी कारखान्यातला मशीन दुरुस्तीचा मिस्त्री नाक्यावरच्या दुकानातून स्प्रिंग करून आणायचा. पण शेठ थकले, मुलगा गादीवर बसला आणि त्यानी नियम काढला. काय पण घ्यायचं तर तीन दुकानांचे भाव आणा, मग सही. आता ही स्प्रिंग करणारं दुकानच एक. मिस्त्रीला राग आला. "एवढी वर्षं मी काय चोऱ्या केल्या? मग बसा सही करत. मी नाय जात."

दोघं हटून बसले. बोटं आत जायला नकोत म्हणून मी बांबूच्या कांबीनी झाकणं बाहेर ओढायची. काम निम्म्यावर आलं आणि पैसे नगावर मिळायचे. मशीन सोडली तर तेवढे पण नाय.

दसरा आला. मशीनच्या पूजेचं सामान मिस्त्रीच आणायचा. मी म्हणलं, "मिस्त्री, नारळाला तीन दुकानं फिरणार काय?"

"वयनी, डोकं नको खाऊस."

"मग त्याच पैशात स्प्रिंग आण ना. पेढे कमी आण."

तो हसला.

दसऱ्याला मी प्रेस धुतली, हळदकुंकू लावलं आणि मशीनची ओटी भरली. तांदूळ, सुपारी, आणि नारळाच्या जागी नवीन स्प्रिंग. छोटा शेठ हार घालायला आला.

"मौसी, ये क्या?"

"ओटी शेठ. तिला जे पायजे ते दिलं."

"बिल कुठे आहे?" त्यानी मिस्त्रीला विचारलं.

"फुलांचं तरी कधी मागितलंत?"

बायका पदरात हसल्या. बोट गेलेली पण हसली. शेठचा चेहरा उतरला. मी म्हणलं, "शेठ, तुम्हाला वाटतं मिस्त्री पैसे खातो. त्याला वाटतं तुम्ही चोर म्हणता. मधे माझी बोटं आहेत. तुटलेला भाग तो आधी तुमच्या टेबलावर ठेवेल, बघा, आणि मग त्याला आणू द्या."

छोट्या शेठनी ओटीतली स्प्रिंग उचलून मिस्त्रीच्या हातात दिली. "जुनी माझ्या केबिनमध्ये आण," एवढंच म्हणाला. मिस्त्री थोडा कुरकुरला, पण घेऊन गेला.

पुढे तसंच चाललं. मोडकं टेबलावर, नवीन मशीनवर. तीन भाव मोठ्या सामानाला राहिले. दोघं काय दोस्त झाले नायत.

आता कारखाना सुटला, घरीच असते. सून म्हणते, कोळंबी सोलायला तुम्हीच बसा, तुमचा हात चालतो. दहाही बोटं शाबूत आहेत, बसते मग.